स्टिकला टेप लावायची नाही

शहाऐंशीच्या एप्रिलअखेर आमच्या पलटणीच्या बँडला टेंपररी ड्यूटीचा हुकूम आला. ठाणे, पाच दिवस, भरती मेळावा. मी तेव्हा नायक होतो, साइड ड्रमच्या रांगेचा लीडर. ठाणे माझंच गाव. चेंदणी कोळीवाड्यात घर, वडिलांची होडी खाडीत. म्हणून अॅडज्युटंट साहेबांनी मला बोलावलं.

"नाखवा, मे महिन्यात ठाण्यात किती वाजेपर्यंत वाजवता येईल?"

"नऊपर्यंत, सर. नंतर माणसं पडतील."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि कार्यक्रम दहाला ठेवला. फौजेत सल्ला विचारतात, तो असा.

निवृत्त झाल्यापासून लोक मला विचारतात, फौजेत काय केलंत? मी सांगतो, ड्रम वाजवला. मग त्यांचा चेहरा पडतो. एकाने तर विचारलं, म्हणजे लग्नात वाजवतात तसा? त्याच्याशी मी नंतर बोललो नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. पलटणीत बँडचा प्रत्येक जवान स्ट्रेचर बेअरर असतो. शांततेच्या काळात परेडला वाजवायचं. गोळीबाराच्या जागी गेलं की वाद्यं पेटीत बंद करायची आणि स्ट्रेचर उचलायचं. जखमींना पोस्टवरून खाली डॉक्टरपर्यंत आणणं हे बँडचं काम. जे हात ड्रम वाजवतात तेच हात माणूस वाहतात. ही गोष्ट हातांचीच आहे.

लान्स नायक दत्ताराम सावंत माझ्याहून तीन वर्षांनी ज्युनियर. मूळ गाव कणकवलीकडचं, पण जन्म ठाकुर्लीचा. वडील रेल्वेत फिटर होते. ते गेल्यावर आई आणि धाकटी बहीण मंगल स्टेशनजवळच्या चाळीत एका खोलीत राहत. पलटणीत आमच्या बाजूचे आम्ही दोघंच. आम्ही बोलायला लागलो की सातारा-सांगलीची मंडळी म्हणत, ह्यांचं मराठी आहे का हिंदी ते आधी ठरवा. दत्ता मला उस्ताद म्हणायचा. त्यात निम्मा मान होता आणि निम्मी चेष्टा. त्याचा रोल, म्हणजे ड्रमवरची ठोक्यांची सलग झड, माझ्यापेक्षा सफाईदार होता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

त्याच्यात एकच खोट होती. त्याच्या तळहातांना घाम यायचा. उन्हात सगळ्यांना येतो, ह्याला जानेवारीतल्या गारठ्यातही यायचा. त्याच्याशी हात मिळवला की समोरचा माणूस गुपचूप पँटला हात पुसायचा. दत्ताला ते दिसायचं आणि तो हसायचा. ह्या घामापायी तो ड्रमच्या स्टिकला टेप लावायचा. टेप म्हणजे मलमपट्टीचं पांढरं चिकट प्लास्टर. नर्सिंग असिस्टंटला विड्या देऊन तो ते मिळवायचा.

टेप लावायची त्याची एक पद्धत होती आणि ती मला आजही तोंडपाठ आहे. स्टिकचं टोक आणि त्याखालची तीन बोटं जागा मोकळी सोडायची, कारण तिथे टेप आली की आवाज बसतो. तिथून खाली तिरकी गुंडाळत यायचं, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर सुताएवढाच चढवायचा. जिथे स्टिक ड्रमच्या कड्यावर आपटते तिथे एक फेरा जास्त, म्हणजे लाकडाचे टवके उडत नाहीत. डावी स्टिक अंगठ्याच्या बेचक्यात बसते, तिथे पुन्हा मोकळं ठेवायचं, नाहीतर लांब परेडीत कातडी सोलून निघते. शेवटचं टोक बोटाखाली येऊ द्यायचं नाही. आणि हात ज्या बाजूला घसरतो त्या बाजूला टेपच्या कडेचं तोंड ठेवायचं नाही, उचकटते. शेवटी दोन्ही स्टिक एकेका बोटावर तोलून बघायच्या. एक जड वाटली तर टेप काढून पुन्हा पहिल्यापासून.

मला हे सगळं थेर वाटायचं. आमच्या बँडमध्ये स्टिकला टेप लावायची नाही, हा नियम ड्रम मेजर कदमांचा होता. पण ते स्वतः कधी तपासायचे नाहीत. तपासायचो मी. माझं म्हणणं असं, की ड्रमवर ठोका पडला की त्याची खबर लाकडातून बोटांपर्यंत येते. ड्रम किती ताणलाय, हात किती दमलाय, सगळं लाकूड सांगतं. मध्ये चिकटपट्टी आली की लाकूड मुकं होतं.

"उस्ताद," दत्ता म्हणायचा, "खबर यायला आधी काठी हातात राहायला पाहिजे ना?"

"रियाज कर, राहील."

"रियाजाने घाम थांबतो होय? मग तुमच्या कोळीवाड्यात सुक्या माशांचा रियाज करतात वाटतं."

ह्यावर मी त्याला मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावल्या. तो पळता पळताही हसत होता.

ठाण्याच्या मेळाव्याचा पहिला दिवस. सकाळी सातला फॉल-इन, साडेनऊला तपासणी. मैदानाभोवती लोक जमले होते. आमच्या कोळीवाड्यातून निम्मी आळी आली होती. दोरीपलीकडे पहिल्या रांगेत दत्ताची आई उभी होती, जरीकाठी लुगड्यात, शेजारी मंगल. मंगल तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. मी स्टिक बघत बघत दत्तापाशी आलो. त्याच्या दोन्ही स्टिक पांढऱ्या होत्या.

"सावंत, टेप काढ."

"उस्ताद, आजचा दिवस राहू द्या. आई आलीय."

"आई आली म्हणून नियम बदलतो काय?"

"नियम नाही हो. हात बघा माझे." त्याने तळवे पुढे केले. नळाखालून काढल्यासारखे ओले होते.

"माती लाव."

तो हलला नाही. मग त्याच्या हातातून स्टिक घेऊन मीच नखाने टेप सोलून काढली. त्याची आई बघत होती. तिला काय चाललंय ते कळलं नसावं, ती मला बघून हसली.

दहा वाजून वीस मिनिटांनी क्विक मार्चमध्ये दत्ताची उजवी स्टिक सुटली. वर गेली, उन्हात एकदा चमकली आणि दोरीपाशी जाऊन पडली. मंगलने धावत जाऊन ती उचलली. जास्तीची स्टिक घ्यायला थांबता येत नाही, रांग मोडते. दत्ताने उरलेली धून एका डाव्या हाताने वाजवली. लोकांना वाटलं, कसरत आहे. टाळ्या पडल्या. त्याचा चेहरा मला बाजूने दिसत होता. कानापर्यंत लाल झाला होता. ड्रम मेजर कदमांनी संध्याकाळी त्याला सगळ्या बँडसमोर उभं करून फैलावर घेतलं. टेप मी काढली होती, हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी होती. तो मला ओढून ठाकुर्लीला घेऊन गेला. मला वाटलं होतं घुम्यासारखा बसेल. त्याने तर दारातच आईला सांगितलं, "हेच ते उस्ताद, ज्यांच्यामुळे मला टाळ्या पडल्या." आईने कुळथाची पिठी आणि भात वाढला. जेवताना मी नेहमीसारखा ताटाच्या कडेवर बोटं वाजवत होतो. त्या म्हणाल्या, "तू पण तसलाच का रे? ह्याने लहानपणी माझे सगळे डबे ठोकून चेपवले." मग हात धुताना मला एकट्याला म्हणाल्या, "काशिनाथ, तू त्याच्या शेजारीच असतोस ना? मग मला घोर नाही."

मी स्टिक परत मागितली. मंगलने ती फळीवर, वडिलांच्या फोटोपाशी ठेवली होती.

"नाही देणार."

"अगं, सरकारी आहे ती."

"मग सरकारला सांगा, ठाण्यात हरवली."

हरवली असं लिहिलं तर चौकशी होते. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, तुटली. लिहिताना दत्ता माझ्याकडे बघत होता. "उस्ताद, तुम्ही पण खोटं लिहिता?" म्हणाला. मी म्हणालो, गप बस.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पलटण उत्तर सीमेवर डोंगरात गेली. वाद्यं खाली बेस कॅम्पात पेट्यांत राहिली. आम्हाला रेजिमेंटल एड पोस्टला लावलं. म्हणजे नाल्याच्या आडोशाला एक बंकर, एक डॉक्टर कॅप्टन, औषधांच्या पेट्या आणि सहा स्ट्रेचर. वरच्या पोस्टपर्यंत चढायला साडेतीन तास. समोरून आठवड्यातून दोन-तीनदा मॉर्टरचे गोळे यायचे. बाकी वेळ नुसतं बसून राहायचं. मला बसवत नाही. मी मग्यावर, बुटावर, रायफलच्या बटवर बोटं वाजवत राहायचो. डॉक्टर साहेब एकदा वैतागून म्हणाले, "नाखवा, स्टॉप दॅट ऑर आय विल प्लास्टर युअर हँड्स." दत्ता आठ दिवस ते वाक्य मला ऐकवत होता.

एका सकाळी सहाला मी स्ट्रेचर तपासत होतो. दत्ता प्लास्टरचा रोल घेऊन आला.

"उस्ताद, हँडलना गुंडाळतो. लाकूड गुळगुळीत झालंय. धुक्यात ओलं होतं, धरवत नाही."

"प्लास्टर जखमेसाठी आहे."

"माझ्या वाट्याचं आहे. चार हँडल, एक रोल. वरून चिखल लावतो, पांढरं दिसणार नाही."

"हा काय बँड आहे, सावंत? ठेव तो रोल पेटीत."

त्याने तो ठेवला. डॉक्टर साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी दिला असता. पण दत्ता मला डावलून कधी वर गेला नाही.

त्याच दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी वरच्या पोस्टवर मॉर्टर पडायला लागले. साडेनऊला रेडिओ बोलला.

"कॅजुअल्टी दोन. एक वॉकिंग, एक लाइंग. ओवर."

"रॉजर. स्ट्रेचर पार्टी निघते. आउट."

आम्ही चौघं निघालो. मी, दत्ता आणि दोन पायपर, म्हणजे बँडातले बॅगपाइप वाजवणारे. एक वाजता वर पोचलो. शिपाई बबन पवार, कोरेगावचा, मांडीत गोळ्याचा मोठा तुकडा घुसलेला. दुसऱ्याचा हात गेला होता, पण तो चालू शकत होता. स्ट्रेचरला खांद्यावर घालायचे पट्टे असतात. वाट इतकी उभी होती की पवार घसरून खाली यायला लागला, म्हणून ते पट्टे खांद्यावर न घालता मी त्यांनीच पवारला स्ट्रेचरला बांधलं. म्हणजे आता सगळं वजन नुसत्या मुठींवर. पायपर दुसऱ्या जखमीला आधार देत पुढे उतरले. अरुंद वाटेवर स्ट्रेचरला दोनच माणसं मावतात. खालच्या अंगाला पुढे मी, मागे दत्ता.

धुकं होतं. धुक्याने सगळं ओलं झालं होतं, दगड, कॅनव्हास, हँडल. अर्ध्या वाटेवर एक वळण येतं. तिथे डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे दरी, आणि धुकं फाटलं की ते वळण समोरच्या पोस्टला उघडं पडतं. धुकं आहे तोवर ते ओलांडायचं होतं.

मला मागे बघता येत नव्हतं. बघायची गरजही नव्हती. लाकूड माझ्या हातात होतं आणि लाकूड सगळं सांगत होतं. मागच्या उजव्या दांड्याला बारीक हिसका बसला. हात सरकला आणि परत धरला. दहा पावलांनी पुन्हा तसाच हिसका. इतकी वर्षं ज्या खबरीची मी सगळ्यांना शिकवण दिली ती मला त्या वेळी अगदी स्पष्ट मिळत होती.

"उस्ताद, दोन मिनिटं. हात पुसतो."

"वळणापलीकडे."

पाच-सहा पावलं.

"उस्ताद."

"वळणापलीकडे म्हटलं ना!"

 तीन वाजून दहा मिनिटांनी, वळणाच्या बरोबर मध्यावर, उजवा दांडा सुटला. स्ट्रेचर दरीकडे कललं. मी गुडघ्यावर बसलो आणि मान वळवली. दत्ता सुटलेल्या दांड्याखाली वाकला होता. त्याने त्याखाली खांदा घातला आणि पवारला स्ट्रेचरसकट डोंगराच्या बाजूला लोटलं. त्या लोटण्यात तो स्वतः कडेबाहेर गेला. ओरडला नाही. थोडा वेळ दगडांचा आवाज येत राहिला.

पवार डोळे मिटून पडला होता. त्याने विचारलं, "कोण पडलं?"

"कुणी नाही. बोलू नको."

मी शिट्टी वाजवली. एक पायपर परत वर आला. आम्ही पवारला चार पंचावन्नला खाली पोचवलं. डॉक्टर साहेबांनी त्याचा पाय वाचवला. पवार आज कोरेगावात आहे, त्याची मुलं शिकताहेत.

दत्ता दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला नाल्यात सापडला. त्याला स्ट्रेचरवर ठेवताना मी त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कोरडा होता. मला तिथेच रडू फुटलं आणि मी ते थांबवलं नाही.

डॉक्टर साहेबांनी रिपोर्टसाठी विचारलं, "कसं झालं?"

मी म्हणालो, "पाय घसरला, सर."

त्यांनी तेच लिहिलं. मी खाली सही केली. तेव्हा मी स्वतःला समजावलं, की स्ट्रेचर बेअररच्या हातून स्ट्रेचर सुटलं असं कागदावर आलं तर दत्ताच्या नावाला बट्टा लागेल. हे खरं होतं. पण त्याच्याआधी दुसरं कारण होतं. हात घसरला म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का घसरला? त्याने थांबायला सांगितलं होतं का? हँडलना काही लावलं का नव्हतं? ह्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती, आणि मी घाबरलो.

रजा मिळाल्यावर ठाकुर्लीला गेलो. आईंना तेच सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"पाय?"

"हो, आई. ओली वाट होती."

"पाय घसरला," त्या पुन्हा म्हणाल्या आणि मला चहा करायला उठल्या. मंगल फळीपाशी उभी होती. तिने फळीवरची स्टिक उचलली, पदराने पुसली आणि परत ठेवली. मी चहा अर्धा टाकून निघालो.

त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. दिवाळीला पत्र टाकायचो. चौऱ्याण्णवला आई गेल्याचं कळलं, तेव्हा मी आसाममध्ये होतो. रजा मिळत होती. मी घेतली नाही.

शहाण्णवला हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर झालो. घरी स्वस्थ बसवेना. बायको म्हणायची, "आवं, ताट फोराल एक दिस!" मी बोटं आवरायचो, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. गेटवरही तेच, रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात दुपारी चारला, शिफ्ट सुटताना, एक बाई गेटवर आली. कॉटनची साडी, गळ्यात शिट्टी. मी ओळखलं नाही. तिने पिशवीतून एक स्टिक काढून माझ्या टेबलावर ठेवली. व्हार्निश उडालेलं, मधोमध टेपच्या चिकटाचा काळा डाग. तो डाग मी ओळखला.

"मी मंगल. कोळीवाड्यात तुमच्या घरी विचारून आले. मी आता डोंबिवलीला पीटी टीचर आहे. आमच्या शिक्षिकांचं बँडपथक आहे, सव्वीस जानेवारीला ठाण्यात परेडला आहोत. मी साइड ड्रम वाजवते."

"तू?"

"का? मला काय हात नाहीत?" तिने तळवे पुढे केले. ओले होते. "तेच दुखणं. घरातलंच आहे. प्रॅक्टिसला दोनदा स्टिक सुटली माझी. सर म्हणतात, टेप लावू नका, आवाज जातो. मला दादासारखी लावायची आहे. तुम्हाला येते ना?"

मी तिला आत केबिनमध्ये बसवलं. चहा मागवला. फर्स्ट एडच्या पेटीतून प्लास्टरचा रोल काढला. हातात घेतला. टेपचं टोक सुटेना. ती म्हणाली, "द्या, मी काढते."

"थांब," मी म्हणालो. "आधी एक सांगायचंय. त्याचा पाय नव्हता घसरला, मंगल. हात घसरला होता."

मग मी सगळं सांगितलं. सकाळचा रोल, पेटीत ठेवायला लावलेला. पट्टे. लाकडातून आलेले दोन हिसके. दोन मिनिटं थांबा म्हणाला होता ते, दोनदा, आणि मी काय उत्तर दिलं ते. धुक्याचं कारण मी सांगितलं, कारण ते खरं होतं. पण त्यावर मी भर दिला नाही. बाहेर शिफ्टचा भोंगा झाला, माणसं कार्ड पंच करून जात होती. 

"मला माफ कर असं म्हणायला मी तोंड उघडत नाही," मी म्हणालो. "फक्त तुला माहीत असावं."

ती टेबलावरच्या स्टिककडे बघत होती.

"आम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"दादाचा पाय घसरणं शक्यच नव्हतं. ठाकुर्लीत आमच्याकडे ती मोठी पाण्याची पाईप होती ना, तिच्यावरून मला खांद्यावर घेऊन पळायचा तो. कधी पाय नाही घसरला. पण दुधाची किटली आठवड्यातून एकदा तरी पाडायचा. तुम्ही चहा टाकून गेलात ना त्या दिवशी, तेव्हाच आई म्हणाली, हात सुटला असणार त्याचा, काशिनाथ सांगत नाहीये."

मी रोल टेबलावर ठेवला.

"मग विचारलं का नाही?"

"मी म्हटलं होतं, विचारते पत्रात. आई नको म्हणाली. म्हणाली, तो येईल आणि सांगेल. जाईपर्यंत म्हणायची, काशिनाथ आला का गं?"

सात वर्षं ती बाई माझी वाट बघत होती. रागावण्यासाठी नाही. मी एवढं सांगून मोकळा व्हावा म्हणून. मी मात्र आसाममधल्या बराकीत मग्यावर बोटं वाजवत बसलो होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मंगलने रोल पुढे सरकवला. "लावा आता. कुठून सुरू करायची?"

"टोकाखाली तीन बोटं सोड," मी म्हणालो. "तिथून. तिरकी. सुताएवढीच चढव, जास्त नको."

"अशी?"

"ओढून. तुझा दादा दाताने धरून ओढायचा."

तिने दाताने धरली. जुन्या स्टिकच्या जोडीला तिने नवी आणली होती आणि ती हलकी होती. आम्ही नव्या स्टिकला कड्याच्या जागी दोन फेरे जास्त दिले. मी दोन्ही स्टिक दोन बोटांवर तोलल्या. जुनी खाली झुकली. काढली, पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी दोन्ही सारख्या राहिल्या. मग तिने टेबलाच्या कडेवर एक रोल वाजवून पाहिला. लाकूड मुकं नव्हतं झालं. एवढं साधं मी एकदाही वाजवून बघितलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला मी त्याच, मेळाव्याच्या मैदानावर गेलो. दोरीच्या त्याच बाजूला उभा राहिलो जिथे आई उभ्या होत्या. साडेआठला बायकांचं पथक समोरून गेलं. मंगल दुसऱ्या रांगेत होती. ऊन होतं, तिच्या कपाळावर घाम दिसत होता. पांढऱ्या स्टिक वर जात होत्या आणि खाली येत होत्या. एकदाही सुटल्या नाहीत. मी ठोके मोजत होतो आणि माझी स्वतःची बोटं कधी थांबली ते मला कळलं नाही.

घरी येऊन मी हे लिहायला घेतलं. पलटणीच्या रेकॉर्डला मी पत्र धाडलं आहे. तिथे ते कुणी बदलेल का मला माहीत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

लान्स नायक दत्ताराम सावंत. साइड ड्रम. ठाकुर्ली. वळणावर थांबायला त्याने दोनदा सांगितलं होतं, मी थांबलो नाही. हात घसरला. पाय नाही.